पाऊस वाढला म्हणतात, मग झरा फेब्रुवारीतच का तुटतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पाटण तालुक्यात कोयनेच्या खोऱ्यात, डोंगराच्या अंगावर गाव. ६० घरं, ३०० माणसं, ८० जनावरं. वरच्या झऱ्याला काळा पाइप लावलाय, पाणी उताराने टाकीत येतं. पूर्वी ते एप्रिलअखेर पुरायचं, आता फेब्रुवारी संपता संपता तुटतं. पावसाळा मात्र दणकून होतो. हा हवामान बदल का, हिमालयातल्या नद्यांबद्दल ऐकतो ते आपल्यालाही लागू का, आणि मोठी टाकी बांधावी की खाली नदीवर मोटर बसवून पाणी उचलावं, असं तिन्ही एकदम विचारलंत.

या तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: घटलं ते वरून येणारं पाणी, की डोंगराची पाणी धरून ठेवायची ताकद? पहिल्यावर गावाच्या हातात फारसं काही नाही. दुसऱ्यावर बरंच आहे. बहुतेक ठिकाणी दोन्हींचा थोडाथोडा वाटा असतो, पण कुणाचा किती हे बादली, घड्याळ आणि वही एवढ्यावर कळू शकतं. ते कसं, हेच मुख्यतः लिहितो. तुमचा झरा मी पाहिलेला नाही, त्यामुळे जिथे ‘तुमच्याकडे बघून ठरेल’ असं आहे तिथे तसंच म्हणेन.

आधी हिमालय बाजूला काढू. तिथल्या नद्यांना दोन जादा साठे आहेत. हिवाळ्यात पडलेला बर्फ साधारण एप्रिल ते जून वितळतो, आणि त्याच्या वर हिमनद्या उन्हाळाभर थोडंथोडं पाणी सोडत राहतात. तापमान वाढलं की बर्फाच्या जागी पाऊस पडतो, वितळणं लवकर सुरू होतं, नदीचा भर अलीकडे सरकतो आणि उन्हाळ्याच्या शेवटी पाणी कमी पडतं. हिमनद्यांचा हिशोब जरा फसवा असतो. त्या आक्रसत असताना काही दशकं नदीला उलट जास्त पाणी मिळतं, मग एक शिखर येतं आणि तिथून उतार लागतो. सिंधू यावर जास्त अवलंबून, गंगा कमी, कारण गंगेच्या पाण्यात मान्सूनचा वाटा मोठा आहे. काठमांडूच्या ‘इसिमोड’ संस्थेच्या २०१९ च्या अहवालात असा अंदाज आहे की जगाची तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्यांचा एक तृतीयांश बर्फ या शतकाअखेर गेलेला असेल. कृष्णा, कोयना, वेण्णा महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावतात, त्यांच्यामागे बर्फ नाहीच. तेव्हा ‘आधी फुगतील, मग आटतील’ हे गणित सह्याद्रीला लावायचं नाही.

आपल्या डोंगरातला साठा दगडातला आहे. वर जांभा, खाली काळ्या कातळाचे थर एकावर एक, आणि मधेमधे मुरूम, भोकाभोकांचा मांजऱ्या खडक, कुठे गेरूसारख्या लाल मातीचा पातळ पट्टा. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट पठारावर, पडलेलं पाणी जांभ्यातून आणि फटींतून उतरतं, खालच्या चिकण किंवा सलग कातळाच्या थरावर अडतं आणि त्या थराच्या कडेने आडवं चालत डोंगराच्या अंगाला बाहेर पडतं. तोच तुमचा झरा. अशा झिजलेल्या थरातून निथळून मिळणारं पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्के असतं. समजा झऱ्यामागे १०० हेक्टर सडा आहे आणि त्याखाली १० मीटर जाडीचा पाणी धरणारा थर. २ टक्क्यांनी २ लाख घनमीटर पाणी झालं. पावसाच्या मापात ते फक्त २०० मिलिमीटर होतं.

आता हे पाऊसमानाशेजारी ठेवून बघा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो, कोयनेच्या वरच्या अंगालाही हजारांतच मोजायचा. म्हणजे जुलैच्या मध्यापर्यंत तो साठा काठोकाठ भरलेला असतो आणि पुढचा बहुतेक पाऊस ओढ्याने खाली जातो. भरलेल्या रांजणावर आणखी दहा घागरी ओतल्या तर पाणी अंगणात जाणार, तसंच. ‘यंदा हजार मिलिमीटर जास्त पडला’ या बातमीचा तुमच्या फेब्रुवारीच्या पाण्याशी जवळजवळ काही संबंध नाही. संबंध असलाच तर तो कशाशी? साठा शेवटचा काठोकाठ कधी भरला होता, त्याच्याशी. ऑगस्टअखेर पाऊस थांबला तर उतरण तिथूनच सुरू होते. ऑक्टोबरात परतीचा पाऊस चांगला झाला तर तीच उतरण महिना-दीड महिना उशिरा सुरू होते. सप्टेंबर-ऑक्टोबरातला सावकाश पडलेला १०० मिलिमीटर पाऊस झऱ्याच्या दृष्टीने जुलैतल्या ५०० पेक्षा मोलाचा.

(माण, खटाव, आटपाडी, जतची मंडळी हे वाचत असतील तर त्यांचा हिशोब वेगळा आहे. तिथे वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, साठा कित्येक वर्षं पूर्ण भरतच नाही. तिथे एकूण पाऊस किती यालाच महत्त्व.)

मग हवामान बदलाने यात काय होतं? जे बऱ्यापैकी पक्कं आहे ते आधी. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते, म्हणून पडतो तेव्हा जोराने पडतो. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासातून पुढे आलं. दुसरीकडे केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ मध्ये देशाचा मान्सूनचा पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, आणि ठळक घट झालेल्या भागांत गंगेच्या मैदानाबरोबर पश्चिम घाटही आहे. पुढच्या काळाबद्दल मात्र हवामानाची बहुतेक संगणकी प्रारूपं एकूण पाऊस वाढेल असं दाखवतात, आणि वर्षावर्षांतला चढउतारही. मागचा कल एकीकडे आणि पुढचा अंदाज दुसरीकडे, अशी ही स्थिती आहे. म्हणून कुणी ‘सह्याद्रीच्या नद्या इतके टक्के घटणार’ असं एकच आकडा देऊन सांगितलं तर जरा जपून ऐका.

पावसाची वाटणी बिघडते आहे, हे मात्र डोळ्यांसमोर आहे. २०१९ घ्या: देशभर जून कोरडा गेला, ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली (तिथे धोक्याची पातळी ४५ फूट), आणि ऑक्टोबरात अवकाळीने उभी पिकं कुजली. २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पडला. ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. आणि हवामान खात्याने २०२० मध्ये मान्सूनच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या तेव्हा वायव्य भारतातून परतीची सुरुवात १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर नेली. पाऊस लांबतो आहे, ही झऱ्यांसाठी खरं तर बरी गोष्ट. म्हणजे हवामानाची सगळी दिशा तुमच्या झऱ्याच्या विरोधातच आहे असंही नाही, आणि म्हणूनच मला नुसत्या हवामानावर बोट ठेवायला संकोच वाटतो.

उष्म्याचा दुसरा मार्ग जमिनीतून आहे. फेब्रुवारी-मार्च लवकर तापले की मातीतून आणि झाडांमार्गे उडून जाणारं पाणी वाढतं. लहान झऱ्यावर हे उघड दिसतं. पानं हिरवी असलेल्या दाट झाडीखालचा ओहोळ उन्हाळ्यात दुपारी उशिरा सगळ्यात बारीक असतो आणि पहाटे सगळ्यात जास्त. कुणी सकाळी मोजलं आणि कुणी संध्याकाळी, तर भांडण तिथेच लागतं. मोजायचं ते नेहमी एकाच वेळी, शक्यतो सकाळी ७ ला.

आता मोजणी. झऱ्याच्या तोंडापाशीच मोजा, टाकीपाशी नाही. लांब काळ्या पाइपात उंचवट्यावर हवा अडकते, तोंडाशी पाला बसतो, सांध्यातून गळतं आणि टाकीत धार बारीक झाली की गाव म्हणतं झरा आटला. पाण्याला मातीचा छोटा बांध घालून सगळी धार एका पाइपाच्या तुकड्यातून काढा आणि खाली बादली धरा. २० लिटरची बादली १६ सेकंदांत भरली तर सेकंदाला सव्वा लिटर. तीनदा मोजून मधला आकडा लिहायचा. बादली ५ सेकंदांच्या आत भरत असेल तर घड्याळ दाबण्याची चूकच मोठी होते, तेव्हा २०० लिटरचा पिंप घ्या. बांधाखालून पाणी निसटतंय का हे दर वेळी वाकून पाहायचं. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण बांध पहिल्या दिवशी घट्ट असतो आणि महिन्याने खेकडे त्याला भोकं पाडतात.

धार बादलीला आवरत नसेल तर ९० अंशांची व्ही-खाच कापलेला पत्रा लावा. गावातला फॅब्रिकेशनवाला तासाभरात करून देईल. खाचेची धार कानशीने १ ते २ मिलिमीटर जाडीवर आणायची आणि उतार पाण्याच्या खालच्या बाजूला ठेवायचा. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची ५ सेंटिमीटर असेल तर सेकंदाला सुमारे पाऊण लिटर, १० असेल तर ४.४, १५ असेल तर १२, २० असेल तर जवळपास २५ लिटर. उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटीहून जास्त होतो, त्यामुळे उंची वाचताना ५ मिलिमीटरची चूक १० सेंटिमीटरपाशी बारा-तेरा टक्क्यांची चूक होते. उंची खाचेवर वाचायची नाही, तिथे पाणी वाकून खाली आलेलं असतं. मागे, उंचीच्या चौपट अंतरावर पट्टी रोवा आणि तिचा शून्य खाचेच्या टोकाशी पातळीनळीने जुळवा. पलीकडे पाणी हवेतून मोकळं पडायला हवं. खाली डबकं साचून खाच बुडत असेल तर आकडा गेला कामातून. मागचा गाळही महिन्यातून एकदा उपसायचा.

मोठ्या ओढ्याला तरंगणारी वस्तू सोडून वेग काढता येतो. अर्धी भरलेली बाटली १० मीटरला किती सेकंद घेते ते पाहा, छेदाचं क्षेत्रफळ काढा आणि गुणाकार करून वर ०.८५ ने गुणा, असं पुस्तकात असतं. आपल्या धोंड्यांच्या उथळ ओढ्याला ०.८५ फार होतं, तिथे ०.६५ ते ०.७ धरा. यात २०-२५ टक्के चूक गृहीतच धरायची. झऱ्यासाठी ही पद्धत वापरू नका.

सोबत पर्जन्यमापक हवा. साधा मापक २०० चौरस सेंटिमीटर तोंडाचा असतो, म्हणजे सुमारे १६ सेंटिमीटर व्यासाचा. आत ४ लिटरची बाटली असेल तर २०० मिलिमीटरला भरून वाहते, १० लिटरची असेल तर ५०० ला. कोयनेच्या अंगाला ४ लिटरवाली ठेवून दिवसातून एकदाच वाचणं म्हणजे नेमका मोठा पाऊस हरवणं. नोंद सकाळी साडेआठची ठेवा आणि जोर असेल तेव्हा संध्याकाळीही रिकामी करून बेरीज करा. जवळच्या झाडा-भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर बसवा. मंडळनिहाय आकडे ‘महावेध’च्या स्वयंचलित केंद्रांचे मिळतात, पण मंडळाचं ठिकाण खाली रस्त्यावर आणि तुमचा सडा वर असेल तर ते तुमचे आकडे नव्हेत. महाबळेश्वरहून पूर्वेला वीसेक किलोमीटरवर पाचगणीत पाऊस तिसऱ्या हिश्शावर येतो, यावरून अंदाज करा.

आता या आकड्यांचं करायचं काय. तुमची गरज आधी काढू. ३०० माणसांना जलजीवन मिशनच्या निकषाने माणशी ५५ लिटर धरले तर १६,५०० लिटर, ८० जनावरांना सरासरी ५० लिटरने ४,०००. एकूण दिवसाला २०,५०० लिटर, म्हणजे रात्रंदिवस वाहिली तर सेकंदाला ०.२४ लिटरची धार. करंगळीएवढी. झऱ्याची धार ज्या दिवशी याच्या खाली जाते तो तुमचा टंचाईचा दिवस.

पाऊस थांबल्यावर झरा दर महिन्याला आधीच्या महिन्याच्या ठरावीक पटीत उतरतो. उदाहरणाला आकडे घेऊ. १ डिसेंबरला सेकंदाला २ लिटर, १ जानेवारीला १.३, १ फेब्रुवारीला ०.८५, १ मार्चला ०.५५, १ एप्रिलला ०.३६, १ मेला ०.२३. दर महिन्याला ०.६५ पट. हा झरा एप्रिलअखेर पुरतो, तुमच्या पूर्वीच्या अनुभवासारखा. आता पाऊस महिनाभर आधी थांबला असं धरा. पट तीच राहील, सगळी रांग एक महिना अलीकडे येईल, टंचाई मार्चअखेर लागेल. फेब्रुवारीअखेर लागायला पाऊस दोन महिने आधी थांबायला हवा, किंवा १ डिसेंबरचा आकडा २ ऐवजी ०.८७ असायला हवा. पण डिसेंबरात झरा पूर्वीसारखाच भरून वाहत असेल आणि तरी १ मार्चला ०.२५ वर आला असेल, तर पट ०.६५ वरून ०.५ वर आली आहे. पाऊस झऱ्याची सुरुवात बदलतो. उतरणीची पट मुख्यतः डोंगर ठरवतो. पट बदलली असेल तर आधी डोंगरात शोधा.

यात दोन पथ्यं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोठ्या फटींतलं आणि मातीतलं पाणी भरभर उतरतं, म्हणून ते महिने या हिशोबात घेऊ नका. डिसेंबर ते मार्च एवढेच जुळवा. आणि मधे अवकाळी झाला तर त्यापुढचे १० दिवस वगळा. मार्च-एप्रिलच्या झाडांच्या ओढीने पट जराशी खाली येतेच, तिने घाबरू नका. ०.६५ ची ०.६२ झाली तर काही नाही, ०.५ झाली तर काहीतरी घडलंय.

‘जुने आकडे कुठून आणू?’ हे तुम्ही विचारणारच. पाणी सोडणाऱ्या माणसाला विचारा, पण ‘पूर्वी पाणी किती होतं’ असं विचारू नका, त्यावर सगळे ‘लई होतं’ म्हणतात. विचारायचं असं: दिवाळीत टाकी किती तासांत भरायची, संक्रांतीला किती, होळीला किती, अक्षय्य तृतीयेला किती? १०,००० लिटरची टाकी होळीला ८ तासांत भरत असेल तर धार ०.३५ होती. संक्रांतीचा आणि होळीचा असे दोन आकडे मिळाले तरी जुनी पट निघते, फक्त त्या वर्षी पाइप आणि टाकी हीच होती ना, एवढी खात्री करून घ्या. नव्या मोजणीला तीन उन्हाळे मिळाले की पट भरवशाची होते. हवामानाचा कल म्हणायला मात्र ३० वर्षांचे आकडे लागतात, ते गावाच्या वहीतून येणार नाहीत. त्यासाठी महाबळेश्वर आणि कोयनेच्या जुन्या नोंदी बघायच्या.

पट बदललेली निघाली तर संशयित कोण? पहिला, कूपनलिका. पाणी उपसणारीच असायला पाहिजे असं नाही. वरच्या अंगाला कुणी बोअर घेतली, पाणी लागलं नाही म्हणून सोडून दिली, आणि केसिंग (बोअरच्या आतला आधाराचा पाइप) फक्त वरच्या मुरमापुरतंच असेल, तर ती लाल थर फोडून वरचं पाणी खालच्या थरात सोडणारी मोरी होते. झऱ्याला जे आडवं यायचं ते उभं निघून जातं. अशी बोअर वरचा थर जिथे संपतो तिथे चिकणमाती आणि सिमेंटने बंद करता येते. दुसरा, सड्यावरचे रस्ते, सपाटीकरण, बांधकामं. रस्त्याच्या कडेचं गटार सड्यावर पसरून मुरणारं पाणी गोळा करून एका नाल्यात टाकतं. तिसरा, दरवर्षीचा वणवा आणि गुरांनी तुडवलेली माती, यात पाणी जिरण्याचा वेग घटतो. चौथा, तुमच्या वरच्या वाडीने त्याच थराला लावलेला दुसरा पाइप. याची चौकशी गोडीत करा. आणि एक जे फारसं कुणाला आवडत नाही: सड्यावर दाट लावलेली वेगाने वाढणारी झाडं उन्हाळ्यातला प्रवाह कमीही करू शकतात. झाडं लावली की झरा वाढतोच, हे सरसकट खरं नाही. उतारावरची माती धरायला झाडं हवीतच, पण सड्यावरचं मूळचं गवत आणि झुडूप राखणं पुष्कळदा जास्त कामाचं.

तुमच्या तालुक्यात आणखी एक शक्यता आहे. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. दरड सरकली की आतल्या वाटा बदलतात, झरा खाली सरकतो किंवा दुसरीकडे फुटतो. तुमच्या झऱ्याचं जुनं तोंड कोरडं आणि पंधरा-वीस फूट खाली ओल, शेवाळ, हिरवं गवत असेल तर पाणी आटलेलं नाही, जागा बदललेली आहे. कोयनेचा भाग भूकंपाचा. धक्क्यांनीही झरे कमीजास्त होतात. याला वेगळा पुरावा लागतो: बदल अचानक झाला का सावकाश? एका आठवड्यात झाला असेल तर हवामान सोडून द्या.

उपायांत सगळ्यात आधी झऱ्याच्या तोंडाला हात लावताना सांभाळा. पाणी जास्त यावं म्हणून तोंड खणणं, सुरुंग लावणं, किंवा टाकी बांधून तिची पातळी झऱ्याच्या मूळ तोंडाच्या वर नेणं, या तिन्हींनी झरे गेलेले आहेत. मागे दाब आला की पाणी दुसरी वाट काढतं आणि परत येत नाही. जमवणाऱ्या पेटीचा निकास मूळ तोंडाच्या पातळीला किंवा खाली हवा, आणि जादा पाणी वाहून नेणारा वरचा पाइप निकासापेक्षा मोठा.

सलग समतल चर (एकाच पातळीवर आडवे खणलेले, पाणी मुरवायचे खड्डे) खणायची योजना कुणी घेऊन आलं तर जागा बघा. ते सड्यावर किंवा मंद उतारावर, झऱ्याच्या वरच्या थराच्या मागे हवेत. तुमच्यासारख्या पावसात तीव्र उतारावर चर खणणं धोक्याचं आहे, पाणी मुरून दरडीला वंगण मिळतं. झऱ्याचं पाणलोट नेमकं तुमच्याच बाजूला असेल असंही नाही, थरांचा कल पलीकडच्या बाजूने तुमच्याकडे असू शकतो. इथे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाला एकदा डोंगर चढायला लावाच. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० खोल चर जुलैत पहिल्याच तासात भरून वाहतो, त्याचा खरा उपयोग सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणून गाळ ऑगस्टअखेर काढायचा. बहुतेक ठिकाणी तो मे महिन्यात काढतात, जूनच्या पहिल्या झोडीने चर पुन्हा बुजतात आणि परतीच्या पावसाला ते रिकामे नसतातच. ओढ्यावर ऑक्टोबरात घातलेले वनराई बंधारे गुरांना आणि खालच्या विहिरींना चांगले, पण झरा त्यांच्या वर असेल तर त्याला काही मिळत नाही.

आता टाकी. धार ०.२४ ची असेल तर रात्रीच्या १२ तासांत १०,४०० लिटर जमतं, सकाळी वापरलं जातं. म्हणजे रोजच्या वाटपाला १५,००० लिटरची टाकी पुरे, तिच्याहून मोठी बांधून पाणी वाढत नाही. टाकीने दोन महिन्यांची टंचाई काढायची तर २०,००० लिटर गुणिले ६०, म्हणजे १२ लाख लिटर. २० बाय २० मीटर, ३ मीटर खोल. उघडी ठेवली तर उन्हाळ्यात रोज ६ मिलिमीटर धरून ६० दिवसांत १४४ घनमीटर उडून जातं, बारा टक्के. डोंगरावर एवढी सपाट आणि न सरकणारी जागा असेल, आणि डिसेंबर-जानेवारीत झऱ्याचं जादा पाणी आहे हे मोजून सिद्ध झालं असेल, तरच अस्तर टाकून असं तळं विचारात घ्या.

नदीवरून उचलण्याबद्दल मी म्हणेन: मुख्य योजना झऱ्याचीच ठेवा, मोटर मार्च ते मे पुरती. वीजबिल वर्षभर परवडत नाही आणि एकदा मोटर आली की झऱ्याकडे कुणी बघत नाही. हवामानाच्या बाजूने खरी काळजी इथेच आहे. पुढे जुलैतले लोंढे मोठे आणि उन्हाळ्यातली धार बेभरवशाची, अशा दोन्ही टोकांना टिकेल असं बांधकाम लागेल. ओढ्यातून पाणी घेणारं तोंड धोंडे वाहतात त्या मधल्या धारेत ठेवू नका, कडेला कातळात घ्या. क्षमता ठरवताना मोजलेल्या सगळ्यात वाईट वर्षाचा १ एप्रिलचा आकडा घेऊन त्याचे पाऊण हिस्से धरा.

हाच पेच मोठ्या मापात कोयनेला आहे. १०५ टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं) धरण. पावसाळा पाणी सारखं वाटून देत होता तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये भरत न्यायचं, हा हिशोब चालायचा. आता ऑगस्टमध्ये भरलेलं ठेवलं आणि अतिवृष्टी झाली तर सोडलेलं पाणी कराडला कृष्णेला मिळून सांगलीकडे जातं, खाली हरिपूरला वारणा मिळते आणि पाणी तुंबतं. पुरासाठी जागा रिकामी ठेवली आणि सप्टेंबर कोरडा गेला तर वीज आणि सिंचन दोन्हींना तोटा. झऱ्याच्या साठ्याला दरवाजे नाहीत एवढाच फरक, पण प्रश्न पावसाच्या वेळेचाच आहे.

पुढे सांगण्याआधी मला चार गोष्टी लागतील. डिसेंबर ते मार्च दर रविवारी सकाळी ७ ची मोजणी, दर वेळी तीनदा मोजलेल्या आकड्यांसह. झऱ्याच्या वर कुठे बोअर आहे का, असेल तर किती फूट, केसिंग किती. २०२१ नंतर तोंडाची जागा हलली का. आणि संक्रांतीला व होळीला टाकी किती तासांत भरायची, तेव्हाचं आणि आत्ताचं. अजून दिवाळी गेलेली नसेल तर उत्तमच, पहिला आकडा शेवटच्या पावसानंतर दहा दिवसांनी घ्या.